वाचकांचे प्रश्न : शेवटचा अर्धा कॅन

मागच्या अंकात चित्रांच्या फाइली प्रोग्राममधून वाचायच्या कशा, यावर उत्तरं दिली होती. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच : वाचायचं जमलं, लिहिताना फसलो. त्यांतली सहा पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली आहे, कारण त्यातली चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती सापडायला मला अकरा दिवस लागले होते.

प्रश्न : ताई, मी कराडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये कॅमेऱ्याचं चित्र जेपेग करून, डिस्कवर न ठेवता, थेट नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवायचं आहे. लिबजेपेगला (जेपेग फाइली वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररीला) फाइल न देता मी स्वतःचा 'डेस्टिनेशन मॅनेजर' लिहिला. छोटी थंबनेल बिनचूक पोचतात. मोठ्या चित्राचा वरचा थोडा भाग बरा येतो, मग रंग बिघडतात, पट्टे सरकतात आणि 'प्रीमॅच्युअर एंड ऑफ डेटा सेगमेंट' असा इशारा येतो. नेटवर्कवर बाइट हरवतात का? आमचे सर म्हणतात, टीसीपीत (नेटवर्कवर पाठवण्याच्या या पद्धतीत) तसं होत नाही. कोड सोबत जोडला आहे.

उत्तर : सर बरोबर आहेत. बाइट वाटेत नाही, तुझ्या घरातच सांडताहेत.

माझे वडील वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी दूध संकलन केंद्र सांभाळायचे. पहाटे साडेपाचला रांग लागायची. एकेकाचं दूध मापून ४० लिटरच्या कॅनमध्ये ओतायचं. कॅन भरला की झाकण लावून बाजूला, रिकामा कॅन पुढे. रांग संपली की शेवटचा कॅन बहुतेक वेळा अर्धाच असायचा, पण तोही टेम्पोत चढवायचा. लिबजेपेगचा डेस्टिनेशन मॅनेजर म्हणजे हुबेहूब हे केंद्र. दूध कुठल्या डेअरीला जाणार, हे माप घेणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याला लागतो फक्त कॅन, म्हणजे बाइट तात्पुरते साठवायचा बफर.

त्यासाठी तू लायब्ररीला तीन फंक्शनं देतोस. 'इनिट डेस्टिनेशन' सुरुवातीला एकदा चालतं, ते पहिला रिकामा कॅन मांडतं. 'एम्प्टी आउटपुट बफर' कॅन भरला की दरवेळी चालतं. 'टर्म डेस्टिनेशन' अगदी शेवटी एकदा, अर्ध्या कॅनसाठी. याखेरीज दोन आकडे : 'नेक्स्ट आउटपुट बाइट', म्हणजे पुढचा बाइट कुठे पडणार त्याचा पॉइंटर, आणि 'फ्री इन बफर', म्हणजे किती जागा उरली. बस्स, एवढंच.

आता तुझा कोड. तुझा कॅन ४०९६ बाइटांचा आहे. दुसऱ्या फंक्शनात तू '४०९६ वजा फ्री इन बफर' एवढे बाइट पाठवतोस. वाचताना चोख वाटतं : जेवढं भरलं तेवढं पाठवलं. मीही असंच लिहिलं होतं. पण हे फंक्शन चालतं त्या क्षणी तो आकडा शिळा असतो. चित्राचे छोटे चौकोन एकामागून एक हफमन कोडमध्ये (वारंवार येणाऱ्या आकड्यांना कमी बिट देणाऱ्या लिपीत) बदलणारा लायब्ररीतला भाग वेगासाठी त्या दोन आकड्यांची नक्कल स्वतःजवळ घेतो, चौकोन संपेपर्यंत त्या नकलेवरच काम करतो आणि मग खरे आकडे सुधारतो. बफर भरतो तो नेहमी चौकोनाच्या मध्येच कुठेतरी. म्हणजे कॅन काठोकाठ भरलेला आहे, पण कॅनवर खडूने लिहिलेला आकडा शेवटच्या गवळ्याच्या आधीचा आहे. तू खडूचा आकडा वाचतोस आणि तेवढंच ओतून घेतोस. खालचं पाच-पंचवीस बाइटचं दूध तसंच कॅनमध्ये राहतं आणि त्यावर नवीन पडतं.

म्हणून नियम असा : या फंक्शनात आकडा बघायचाच नाही. सगळा बफर, म्हणजे पूर्ण ४०९६ बाइट, पाठवायचा. मग पॉइंटर बफरच्या सुरुवातीला, आकडा पुन्हा ४०९६ आणि 'ट्रू' परत. लायब्ररीच्या 'जेडेटाडीएसटी' या फाइलीत कॉमेंटमध्ये हे स्वच्छ लिहिलं आहे. कॉमेंट मात्र आपण चूक सापडल्यावर वाचतो. 'टर्म डेस्टिनेशन'मध्ये उलट : तिथे आकडा खरा असतो, तेव्हा वजाबाकी करूनच पाठवायचं.

तुझी थंबनेल का बरी येतात, हेही यातूनच कळतं. ती ४०९६ बाइटांहून लहान आहेत. त्यांचा कॅन कधी भरतच नाही, सगळं काम शेवटच्या फंक्शनात होतं, आणि ते तू बरोबर लिहिलं आहेस. मोठ्या चित्रात पहिल्या ४ केबीपर्यंत सगळं छान, मग काही बाइट गायब. हफमन कोडमध्ये शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, सगळे बिट सलग. मधले काही गेले की पुढचं सगळं भलत्याच ठिकाणी तुटतं. त्यात प्रत्येक चौकोनाचा सरासरी रंग आधीच्या चौकोनाशी असलेल्या फरकाने लिहिलेला असतो, त्यामुळे एकदा चुकलेला रंग पुढे चुकतच जातो.

माझ्या वेळी, २००३ साली, मी सांगलीतल्या एका फोटो स्टुडिओसाठी अल्बमचा प्रोग्राम लिहीत होते. नवरीचा हिरवा शालू खांद्यापर्यंत हिरवा आणि तिथून खाली जांभळट. स्टुडिओवाले काका म्हणाले, "पोरी, दोन साड्यांतली नवरी पहिल्यांदाच बघतोय." मी आधी मॉनिटर बदलला, मग स्कॅनरची केबल, मग रंगांचं रूपांतर करणारा सगळा भाग नव्याने लिहिला. शेवटी बिघडलेली फाइल आणि चांगली फाइल बाइटला बाइट लावून बघितली, तेव्हा पहिला फरक बरोबर ४०९६च्या थोडा अलीकडे दिसला. तूही हे करून बघ. दुरुस्तीआधीच बघ. एकदा डोळ्यांनी पाहिलेली चूक पुन्हा होत नाही.

आणखी दोन गोष्टी तुझ्या कोडात दिसल्या. सॉकेटला (नेटवर्क कनेक्शनच्या तोंडाला) ४०९६ बाइट दिले म्हणजे तो एका दमात तेवढे घेईलच असं नाही. 'सेंड' किती घेतले ते सांगतं, उरलेले पुन्हा द्यावे लागतात. तिथे लूप हवा. दुसरं, कनेक्शन तुटलं की तू 'फॉल्स' परत करतोस. लिबजेपेगच्या भाषेत 'फॉल्स'चा अर्थ चूक असा नाही. अर्थ आहे 'सध्या थांब, जागा झाली की पुन्हा विचार'. मग ओळी लिहिणारं फंक्शन दिल्यापेक्षा कमी ओळी लिहिल्याचं सांगून परत येतं. तुझा लूप त्याच ओळी पुन्हा देतो, आणि प्रोग्राम अनंतकाळ फिरत राहतो. खरी चूक असेल तर लायब्ररीच्या चूक-फंक्शनालाच बोलवायचं. त्याबद्दल खाली रत्नागिरीच्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे, ते वाच.

प्रश्न : मॅडम, नाशिकजवळ माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. सी भाषा येते, म्हणून स्वतःपुरती टूल बनवतो. भरतीच्या अर्जांना फोटो २० ते ५० केबीमध्येच लागतो. सध्या माझा प्रोग्राम फाइल लिहितो, साइज बघतो, जास्त असेल तर क्वालिटी ५ने कमी करून पुन्हा लिहितो. गर्दीच्या दिवसांत हे फार हळू होतं आणि फोल्डरमध्ये कचरा साठतो. लिहिण्याआधीच साइज कळेल का?

उत्तर : लिहिण्याआधी नाही कळणार. जेपेगचं वजन चित्रात काय आहे त्यावर ठरतं. चौकटीचा शर्ट घातलेला उमेदवार पांढऱ्या शर्टवाल्यापेक्षा जड भरतो. पण डिस्कला हात न लावता मोजता मात्र येतं. कॅन टेम्पोत न चढवता काट्यावर ठेवायचा.

लिबजेपेगच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, 'जेपेग मेम डेस्ट' नावाचं तयार डेस्टिनेशन आहे. लिबजेपेग-टर्बोमध्येही ते मिळतं. त्याला एका पॉइंटरचा आणि एका आकड्याचा पत्ता द्यायचा. पॉइंटर 'नल' आणि आकडा शून्य ठेवलात तर लायब्ररी स्वतः मेमरी घेते, पुरली नाही तर दुप्पट करते, आणि शेवटी तुम्हाला पॉइंटर व एकूण बाइट सांगते.

क्वालिटी ५-५ने उतरवू नका. १ ते १०० मधलं मधलं घ्या : ५०. वजन ५० केबीच्या आत बसलं तर ७५, नाही तर २५, असं अर्धं-अर्धं करत जा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत बसणारी सर्वांत वरची क्वालिटी हाताशी येते. अर्जाच्या फोटोचं माप २०० बाय २३० पिक्सेलसारखं असतं. एवढ्याशा चित्राच्या सात फेऱ्या तुमचा ग्राहक खुर्ची ओढून बसेपर्यंत होतात. मग एकदाच फाइल लिहा.

यात दोन खड्डे आहेत. एक, तो आकडा 'जेपेग फिनिश कॉम्प्रेस' झाल्यावरच खरा होतो. त्याआधी बघाल तर शून्य किंवा काहीतरी अर्धवट दिसेल. शेवटचा अर्धा कॅन अजून मोजलेला नसतो. दोन, फेरी संपली की ती मेमरी 'फ्री' करायची जबाबदारी तुमची, आणि पुढच्या फेरीआधी पॉइंटर पुन्हा नल, आकडा पुन्हा शून्य. हे विसरलात तर दुसऱ्या फेरीत लायब्ररीला वाटतं की हा बफर तुमचा आहे. तो अपुरा पडला की ती नवीन घेते, जुन्याला हात लावत नाही, आणि पॉइंटर बदलल्यामुळे तो जुना तुकडा तुमच्याही हातातून जातो. दिवसाला दोनशे फोटो केलेत की संध्याकाळी कॉम्प्युटर का दमतो, ते मग कळत नाही.

५० केबी म्हणजे ५०,००० की ५१,२०० बाइट, हे साइटगणिक वेगळं निघू शकतं. ५०,०००च्या आतच राहा, वाद नको. खालच्या हद्दीचं मात्र अवघड आहे. गुळगुळीत पार्श्वभूमीचा फोटो क्वालिटी १०० करूनही कधी २० केबीपर्यंत चढत नाही. काही जण जेपेगमधल्या कॉमेंट मार्करमध्ये रिकामा मजकूर भरून वजन वाढवतात. एका मार्करमध्ये ६५,५३३ बाइट मावतात, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. माझ्या वडिलांनी याला दुधात पाणी म्हटलं असतं. साइट परवानगी देत असेल तर फोटोचे पिक्सेल थोडे वाढवा, ते बरं.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहितो. माझा पीएनजी लिहिणारा प्रोग्राम लिनक्सवर नीट चालतो. तोच विंडोजवर कंपाइल केला की एकही फाइल उघडत नाही. कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नाही.

उत्तर : फरक एका अक्षराचाच आहे, फक्त ते अक्षर तुमच्या कोडमध्ये नाही. फाइल उघडताना 'डब्ल्यू' लिहिलं आहे, तिथे 'डब्ल्यूबी' हवं. 'बी' नसला की विंडोज फाइलीला मजकूर समजतं आणि १० किंमतीच्या प्रत्येक बाइटआधी १३ चिकटवतं. लिनक्सला या दोन्हींत फरक वाटत नाही, म्हणून तिथे चूक झाकली गेली.

ही चूक लोक करणार, हे पीएनजी घडवणाऱ्यांना १९९५ सालीच माहीत होतं. म्हणून फाइलीचे पहिले आठ बाइट त्यांनी सापळ्यासारखे लावले : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला १२७च्या वरचा, म्हणजे सात बिटांच्या वाटेने फाइल गेली तर तो लगेच बिघडतो. पुढचे तीन म्हणजे 'पी', 'एन', 'जी' ही अक्षरं. १३-१० ही विंडोजची नवी ओळ, २६वर जुनं डॉस मजकूर दाखवायचं थांबवायचं, आणि शेवटचा १० ही युनिक्सची नवी ओळ. तुमच्या फाइलीत हे आठाचे दहा झाले असतील : १३७, ८०, ७८, ७१, १३, १३, १०, २६, १३, १०. पीएनजीच्या लायब्ररीने, लिबपीएनजीने, ती वाचायचा प्रयत्न केला तर 'करप्टेड बाय आस्की कन्व्हर्जन' असं रोगाचं नाव सांगूनच ती नाकारते. इतका सरळ बोलणारा संदेश या धंद्यात विरळा.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, सध्या बंगळुरूला नोकरी करते. सी प्लस प्लसमध्ये लिबपीएनजी वापरून पीएनजी मेमरीतल्या व्हेक्टरमध्ये (लागेल तशी वाढणाऱ्या यादीत) लिहिते. 'पीएनजी सेट राइट एफएन'ला माझं फंक्शन दिलं, फ्लशच्या (साठलेले बाइट लगेच पुढे ढकलणाऱ्या फंक्शनाच्या) जागी नल. दोन शंका : माझं फंक्शन शेकडो वेळा का बोलावलं जातं, कधी ८ बाइटसाठी, कधी ४? आणि एका सहकाऱ्याने 'राइट फ्लश' जोडल्यापासून प्रोग्राम कोसळतो, तो का?

उत्तर : इथे कॅन उलटा आहे, हे आधी ध्यानात घ्या. लिबजेपेगमध्ये बफर तुमचा आणि भरते लायब्ररी. लिबपीएनजीमध्ये बफर लायब्ररीचा. ती तुमच्यासमोर वाटी धरते, तुम्ही ती परत यायच्या आत रिकामी करायची. पॉइंटर जपून ठेवून 'नंतर बघू' म्हणालात तर नंतर त्यात दुसरंच काही असेल.

वाट्या लहान असतात, कारण पीएनजी फाइल तुकड्यांची बनलेली आहे. प्रत्येक तुकड्याला आधी ४ बाइट लांबी आणि ४ बाइट नाव, हे तुमचे ८. मग मजकूर. मग तपासणीची ४ बाइटची बेरीज, ज्याला सीआरसी म्हणतात. चित्राचा मजकूर साधारणपणे ८,१९२ बाइटांच्या तुकड्यांत येतो. म्हणजे दर ८ केबीमागे तीन हाका. व्हेक्टरला याचं काही वाटत नाही. पण हेच फंक्शन उद्या कोणी सॉकेटवर नेलं आणि चार-चार बाइट वेगळे पाठवले, तर वेग कासवाचा होईल. तेव्हा मध्ये स्वतःचा बफर ठेवा.

कोसळण्याचं कारण तो नल. 'मला फ्लश नको' असा त्याचा अर्थ तुम्ही घेतला. लायब्ररी घेते तो अर्थ 'नेहमीचं फ्लश वापर'. नेहमीचं फ्लश समजतं की तुम्ही दिलेला पॉइंटर फाइलीचा आहे. तुमचा व्हेक्टर फाइल समजून तिने फ्लश करायला घेतला की काय होणार? इतके दिवस कोणी फ्लश मागितलं नव्हतं, म्हणून निभावलं. काहीही न करणारं रिकामं फंक्शन द्या, विषय संपला.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. व्हेक्टरला मेमरी मिळाली नाही तर तो एक्सेप्शन, म्हणजे चुकीची हाक, फेकतो. ते एक्सेप्शन लिबपीएनजीच्या सी भाषेतल्या फंक्शनांमधून आरपार जाऊ देऊ नका. त्यांना ते झेलायची सवय नाही. तुमच्या फंक्शनातच पकडा, एक खूण ठेवा, आणि कॅच ब्लॉकच्या बाहेर येऊन 'पीएनजी एरर' बोलवा. ते परत येत नाही, 'सेटजंप' जिथे लावला असेल तिथे सरळ उडी मारतं. ही उडी वाटेतल्या सी प्लस प्लस ऑब्जेक्टना निरोप देत नाही, त्यांचे डिस्ट्रक्टर, म्हणजे जाताना आवराआवर करणारी फंक्शनं, चालत नाहीत. म्हणून 'सेटजंप' असलेलं फंक्शन अगदी छोटं ठेवा, आणि व्हेक्टर-स्ट्रिंग वगैरे त्याच्या बाहेर जन्माला घाला.

प्रश्न : रत्नागिरीला आमच्या वाचनालयातले जुने अंक स्कॅन करून जेपेग करण्याचं काम निवृत्तीनंतर मी हौसेने घेतलं आहे. परवा ३१२व्या पानाला प्रोग्रामची खिडकीच नाहीशी झाली. संदेश नाही, काही नाही. ३१२वं पान अर्धवट. वाईट म्हणजे ते पान मी दुसऱ्यांदा स्कॅन करत होतो. आधीची बरी फाइलही गेली. डिस्क भरली होती, हे नंतर कळलं.

उत्तर : सर, संदेश आला होता, तो बघायला जागा नव्हती. डिस्क भरल्याचं लिबजेपेगला कळतं आणि ती 'आउटपुट फाइल राइट एरर, आउट ऑफ डिस्क स्पेस?' असा चक्क प्रश्नचिन्हासकट संदेश लिहिते. पण लिहिते काळ्या खिडकीत दिसणाऱ्या एरर-आउटपुटवर. तुमचा प्रोग्राम साध्या खिडकीचा, त्याला ते आउटपुटच नाही. मग लायब्ररीचं मूळचं 'एरर एक्झिट' सगळा प्रोग्राम बंद करतं. हे वागणं काळ्या खिडकीतल्या छोट्या टूलसाठी ठरवलेलं आहे. तुमच्यासारख्याने ते फंक्शन बदलायलाच हवं. स्वतःचं 'एरर एक्झिट' लिहा, त्यात संदेश एका स्ट्रिंगमध्ये साठवा आणि 'लाँगजंप'ने, म्हणजे 'सेटजंप' लावलेल्या जागी उडी मारून, बाहेर या. लिबजेपेगसोबत मिळणाऱ्या उदाहरणाच्या फाइलीत ही उडी करून दाखवली आहे, उचला आणि लावा. फक्त तिथे संदेश एरर-आउटपुटवरच जातो, तेवढं बदला.

बाहेर आल्यावर 'जेपेग डिस्ट्रॉय' बोलवाल तेव्हा लायब्ररी आपली मेमरी सोडेल, पण 'टर्म डेस्टिनेशन' चालवणार नाही. ते फक्त रीतसर शेवट केला तरच चालतं. म्हणजे अर्धा कॅन ओट्यावर तसाच. हे योग्यच आहे, अपुरी फाइल पुरी भासवायची कशाला? फक्त ती डिस्कवर मागे राहते, ती तुम्ही पुसायची.

फाइल तुम्ही उघडता, बंदही तुम्हीच करायची, आणि 'एफक्लोज' काय परत करतं ते बघायचं. नेटवर्कवरच्या फोल्डरवर लिहिताना जागा संपल्याची बातमी काही वेळा थेट तिथेच येते. मी स्वतः कित्येक वर्षं त्याचं उत्तर न बघता पुढे गेले आहे, तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार मला थोडाच आहे.

जुनी फाइल का गेली? 'डब्ल्यूबी'ने उघडताक्षणी ती शून्य बाइटची होते, चित्राचा एक बाइटही लिहिला जाण्याआधी. म्हणून थेट त्या नावावर लिहूच नका. त्याच फोल्डरमध्ये शेवटी '.टीएमपी' लावलेल्या नावावर लिहा, बंद करा, बंद नीट झाली हे बघा, आणि मगच नाव बदला. फोल्डर तोच हवा, कारण एका डिस्कवरून दुसरीवर नाव बदलणं म्हणजे पुन्हा कॉपी करणंच. एक अडचण : लिनक्सवर 'रीनेम' जुन्या फाइलीची जागा घेतं, विंडोजवर साधं 'रीनेम' त्या नावाची फाइल आधीच असेल तर नकार देतं. तिथे विंडोजचं 'मूव्हफाइलएक्स' वापरा आणि जुनी बदलण्याची परवानगी देणारा फ्लॅग लावा. ३१२वं पान तिसऱ्यांदा स्कॅन करावं लागेल, त्याला इलाज नाही. तेवढ्यात डिस्कवर जागा मात्र करा.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी. जेपेगसाठी लिहिलेली मेमरीत साठवण्याची पद्धत मी टिफ या चित्र-फाइलींच्या प्रकाराला लावली. 'टिफ क्लायंट ओपन'ला सात फंक्शनं लागली. त्यांतलं लिहिण्याचं मी पुरं केलं, बाकी सगळी 'शून्य परत कर' अशी. एकही टिफ उघडत नाही.

उत्तर : जेपेग आणि पीएनजी पुढे-पुढे लिहिल्या जातात, मागे वळून बघत नाहीत. म्हणून त्या सॉकेटवर, पाइपवर, कुठेही ओतता येतात. टिफ तशी नाही. तिच्या पहिल्या आठ बाइटांतले शेवटचे चार म्हणजे अनुक्रमणिका फाइलीत कुठे आहे त्याचा पत्ता. लिबटिफ आधी तिथे शून्य लिहिते, मग चित्राच्या पट्ट्या, मग अनुक्रमणिका, आणि शेवटी मागे जाऊन तो पत्ता भरते. तुमचं 'सीक' (फाइलीत पुढे-मागे नेणारं फंक्शन) मागे जातच नाही आणि फाइल कितीही लांब झाली तरी 'आपण शून्यावर आहोत' असं सांगतं. सगळे पत्ते तिथेच चुकतात.

तेव्हा बफरसोबत दोन आकडे ठेवा : सध्याची जागा आणि एकूण लांबी. 'सीक' तिन्ही प्रकारे चाललं पाहिजे, सुरुवातीपासून, सध्याच्या जागेपासून आणि शेवटापासून, आणि त्याने नवी जागा परत करायची. लिहिणं नेहमी सध्याच्या जागेवर, शेवटावर नव्हे. अनुक्रमणिका सम पत्त्यावरच सुरू व्हावी लागते, म्हणून लिबटिफ कधीकधी शेवटाच्याही एक बाइट पुढे उडी घेते. मधली जागा शून्याने भरा. 'साइझ'ने खरी लांबी सांगायची. वाचण्याचं फंक्शनही खरं लिहा. एका फाइलीत अनेक पानं असतील तर नवं पान जोडताना लायब्ररीला आधीची साखळी वाचावी लागू शकते. मॅप आणि अनमॅप तेवढी शून्य परत करत राहिली तरी चालतील. पत्ते ३२ बिटांचे असल्याने ४ जीबीच्या पुढे जायचं झालं, तर लिबटिफच्या ४.० आवृत्तीपासून उघडतानाच्या मोडमध्ये 'डब्ल्यू'पुढे ८ लावून बिगटिफ, म्हणजे मोठ्या पत्त्यांची टिफ, मिळते.

झाल्यावर बफरचे पहिले आठ बाइट छापून बघा. नेहमीच्या पीसीवर पहिले चार ७३, ७३, ४२, ० असतील. पुढचे चारही शून्यच निघाले, तर तुमचं 'सीक' अजून खोटं बोलतंय.